पारड्याचं वजन

वडोदरा जिल्ह्यात पादरा, सावली किंवा डभोईकडच्या कुठल्याही गावात संध्याकाळी दूध मंडळीच्या खिडकीशी उभं राहिलं, की हिशेब किती काटेकोर असतो ते दिसतं. बाई किटली पुढे करते, दूध काट्यावर ओतलं जातं, नमुना यंत्रात जातो आणि फॅटचा आकडा दशांशासकट छापलेली चिठ्ठी तिच्या हातात पडते. सकाळी पुन्हा तेच. त्या घरातून गेल्या वर्षी कोणत्या आठवड्यात किती दूध आलं, हे मंडळीच्या संगणकात सापडतं. पण त्याच घरच्या गोठ्यातलं पारडू आज किती किलोचं आहे, महिन्याभरात किती वाढलं, रोज त्याच्या पोटात काय जातं, हे ना मंडळीला ठाऊक असतं, ना जिल्हा संघाला, ना घरातल्या माणसांना.

हा निष्काळजीपणा म्हणून सोडून देता येत नाही. जे विकलं जातं ते मोजलं जातं, आणि जे मोजलं जातं त्याच्यावरच संशोधनाची नजर टिकते. दूध रोज विकलं जातं. पारडू वाढून गाभण राहीपर्यंत तीन-तीन वर्षं एक पैसाही आणत नाही. त्यामुळे आहार आणि वाढ यांचं शास्त्र जगात कितीही पुढे गेलेलं असलं, तरी ते आपल्या दुधाळ पट्ट्यात आईपाशी येऊन थांबतं. त्याने आता तिच्या पिल्लापर्यंत जायला हवं, आणि त्याचा खर्च दूध संघांनी उचलायला हवा.

वडोदरा ते आणंद हा पट्टा या चर्चेसाठी मुद्दाम निवडण्यासारखा आहे. मही आणि साबरमती या नद्यांमधला प्रदेश सुरती म्हशीचं मूळ घर मानला जातो. विळ्यासारखी शिंगं, गळ्याखाली पांढऱ्या केसांचे दोन पट्टे, आटोपशीर बांधा आणि दाट दूध, ही तिची ओळख. जाफराबादीसारखी ती अंगाने थोराड नसते, आणि तिचं अर्थशास्त्र याच लहान अंगात आहे. जनावर जे खातं त्यातला पहिला वाटा शरीर नुसतं चालू ठेवण्यात जातो: श्वास, रक्ताभिसरण, शरीराचं तापमान, उठणं-बसणं. दूध आणि वाढ यांना त्यानंतर उरलेलं मिळतं. कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये दाखवून दिलं, की ही मूळ गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वजन दुप्पट झालं तर गरज साधारण 1.7 पट होते. म्हणजे थोराड जनावराला किलोमागे थोडं कमी लागतं खरं, पण एकूण भार त्याचाच जास्त. ज्या घरात चारा विकत घ्यावा लागतो, तिथे चारशे किलोची म्हैस परवडते आणि सहाशे किलोची परवडत नाही, ती यामुळेच.

खाण्याचा हा हिशेब भारतात उशिरा सुरू झाला. जर्मनीत वेंडे इथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी 1860 च्या सुमाराला बैलांना मोजून चारा घालून त्यांची शरीरनिर्वाहाची गरज काढली होती. आपल्याकडे 1920 च्या दशकात बंगळुरात वॉर्थ यांनी देशी चाऱ्यांची तपासणी सुरू केली. पुढे के. सी. सेन आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी कडबा, भुसा, सरकी, पेंड यांच्या पोषणमूल्यांचे तक्ते तयार केले. तरीही स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं पशुवैद्यकाचे विद्यार्थी मॉरिसनच्या अमेरिकी पुस्तकातले आकडे पाठ करत होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने भारतीय जनावरांसाठी स्वतःची आहारमानकं काढली ती 1985 मध्ये. ती 1998 आणि 2013 मध्ये सुधारली गेली. थंड देशातल्या, दाणा खाणाऱ्या होल्स्टीन गाईंचे आकडे पराळ, म्हणजे भाताचा पेंढा, खाणाऱ्या सुरती म्हशीला लावून इतकी वर्षं काढल्यावर गोठ्यातल्या माणसाचा शास्त्रावर विश्वास बसला नाही, यात नवल नाही.

गोठ्यातली मापं वेगळीच असतात. वैरण पेंढीत, भाऱ्यात, पाटीत मोजली जाते. पाटी घरोघर वेगळी, भारा बांधणारे हात वेगळे. हिरव्या चाऱ्यात पाणीच इतकं असतं, की पन्नास किलोच्या भाऱ्यातून जेमतेम दहा किलो कोरडा चारा पदरात पडतो. चारशे किलोच्या म्हशीला दिवसाला दहा ते बारा किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे डोळ्यांना ढीगभर दिसणारी हिरवी वैरण पोटाला कशीबशी पुरते.

आणि पराळाची अडचण याच्या उलट आहे. तो कोरडाच असतो, समोर मुबलक असतो, तरी जनावर तो पोटभर खाऊ शकत नाही. याचं कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात सापडतं. तिथे कोट्यवधी सूक्ष्मजीव तंतूंचं विघटन करतात. त्यांना जगायला नायट्रोजन लागतो. चाऱ्यातली प्रथिनं सुमारे सात टक्क्यांच्या खाली गेली की हे जीव मंदावतात. पराळात आणि गव्हाच्या भुशात प्रथिनं असतात तीन-चार टक्के. मग चारा पोटात कुजत पडून राहतो, पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेलं असताना जनावर भुकेलं राहतं. ‘म्हैस खात नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला गव्हाणीतला चारा वाढवून उत्तर मिळत नाही. आधी त्या सूक्ष्मजीवांना खायला घालावं लागतं.

या एका समजुतीतून आणंदला जे काम झालं, ते भारतीय पशुसंवर्धनातलं खऱ्या अर्थाने आपल्या मातीतलं संशोधन म्हणावं लागेल. 1980 च्या दशकात राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाचे पी. जे. जी. कुंजू आणि ऑस्ट्रेलियातल्या आर्मिडेलचे आर. ए. लेंग यांनी युरिया आणि मळी यांची चाटण-वीट गोठ्यांत नेली. जनावर दिवसभर ती थोडीथोडी चाटतं, सूक्ष्मजीवांना नायट्रोजन आणि ऊर्जा मिळते, आणि तोच भुसा जास्त खाल्ला जातो, जास्त पचतो. पुढची पायरी होती पहिल्या पोटाला वळसा देऊन जाणाऱ्या प्रथिनांची. भुईमूग, मोहरी, सूर्यफूल यांच्या पेंडीतली महागडी प्रथिनं सूक्ष्मजीवच फस्त करतात. पेंडीवर मोजकं फॉर्मॅल्डिहाइड वापरून प्रक्रिया केली की बरीचशी प्रथिनं तिथे न विरघळता पुढच्या आतड्यात पोहोचतात आणि थेट दुधाला, मांसाला उपयोगी पडतात. वडोदरा जिल्हा दूध संघाचा पशुखाद्य कारखाना शहराच्या दक्षिणेला इटोला इथे आहे. प्रयोगशाळेतून निघालेलं ज्ञान अशा कारखान्याच्या पोत्यात बसून मंडळीच्या खिडकीपर्यंत येतं, आणि पोत्याचे पैसे दुधाच्या बिलातून वळते होतात. ही व्यवस्थाच या पट्ट्याची खरी ताकद.

तिचा पाया कंजरीत घातला गेला. आणंदजवळच्या या गावी खेडा जिल्हा दूध संघाने उभारलेल्या पशुखाद्य कारखान्याचं उद्घाटन 31 ऑक्टोबर 1964 रोजी पंतप्रधान लाल बहादुर शास्त्री यांनी केलं. त्याआधीची रात्र ते अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी राहिले, गावकऱ्यांशी बोलत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाचा कारभार पाहणाऱ्या वर्गीज कुरियन यांना विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे: इथली माती, पाऊस, म्हशी यांत इतर प्रांतांपेक्षा विशेष काही दिसत नाही, मग इथेच डेअरी का यशस्वी झाली? उत्तर होतं मालकीचं. डेअरी शेतकऱ्यांची होती. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय डेअरी विकास मंडळ आणंदला स्थापन झालं. या कहाणीत दुधाचा उल्लेख नेहमी होतो, त्या दिवशीचा समारंभ दाण्याच्या कारखान्याचा होता हे मात्र विसरलं जातं. दूध उत्पादकांनी आपल्या जनावरांच्या खाण्याची जबाबदारी स्वतःच्या संघावर घेतली, ही त्या काळात मोठी उडी होती.

तरीही कारखान्यातलं एकच पोतं सगळ्या गोठ्यांना सारखं लागू पडत नाही. कुणाकडे लसूणघास आहे, कुणाकडे फक्त पराळ. एक म्हैस नुकती व्यालेली, दुसरी भाकड. मग 2012 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डेअरी योजनेत आहार संतुलनाचा कार्यक्रम आला. गावातलीच एक व्यक्ती, पुष्कळदा बाई, प्रशिक्षण घेऊन गोठ्यात जाते. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. ती फीत घेऊन छातीचा घेर मोजते, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी मोजते. घेराचा वर्ग करून लांबीने गुणायचं आणि तीनशेने भागायचं. मापं इंचांत घेतली असतील तर वजन पौंडांत येतं. घेर 70 इंच आणि लांबी 54 इंच असेल तर 882 पौंड, म्हणजे 400 किलो. मग ती घरातल्या बाईला रोजच्यासारखी पाटी भरायला सांगते आणि ती पाटी तराजूच्या आकड्याला लटकवते. घरची माणसं पहिल्यांदाच पाहतात, की आपण पाच किलो समजत होतो ते तीन आहेत, किंवा सात. सगळे आकडे संगणकात जातात आणि घरात जे उपलब्ध आहे त्यातूनच सगळ्यात स्वस्त पडणारा आहार सुचवला जातो, तोही तिथल्या भाषेत. योजना 2019 मध्ये संपेपर्यंत देशभरात सुमारे 28 लाख जनावरं या हिशेबात आली होती.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. कितीतरी गोठ्यांत जनावर अर्धपोटी नव्हतं. प्रथिनं किंवा ऊर्जा गरजेपेक्षा जास्त जात होती आणि क्षार कमी पडत होते. पैसा गव्हाणीतून शेणात चालला होता. संतुलन साधल्यावर दूध थोडं वाढलं, खर्च थोडा उतरला, आणि दर किलो दुधामागे जनावराच्या तोंडावाटे बाहेर पडणारा मिथेनही घटला. प्रत्येक आकडा लहान, पण दुधाच्या उत्पादनखर्चात साधारण सत्तर टक्के वाटा खाण्याचा असतो, आणि तिथे दिवसाला पाच-दहा रुपयांनीही घर सावरतं.

इथपर्यंतचं काम अभिमानाने सांगावं असं आहे. पण यादी नीट पाहिली तर त्या बिल्ल्यांमागे मुख्यतः दूध देणारी जनावरं होती. फीत आईच्या छातीभोवती फिरली. शेजारच्या खुंट्याला बांधलेलं पारडू सहसा त्या हिशेबाच्या बाहेरच राहिलं.

त्या खुंट्यापाशी थांबून पाहावं. धार काढायच्या वेळी पारड्याचं दावं सुटतं, ते धावत जाऊन कासेला तोंड लावतं, दोन-चार ढुशा देतं. पान्हा फुटला की त्याला ओढून आईच्या पुढच्या पायाशी बांधतात. आई त्याला चाटत राहते, धार किटलीत पडत राहते. शेवटी उरलं तर त्याचं. तीन-चार आठवड्यांत त्याच्यासमोर पराळ येतो. पराळ पचवणारं पोट अजून तयार झालेलं नसतं. ते तयार व्हायला दाणा लागतो, कारण दाण्याच्या आंबण्यातून निघणारी आम्लंच त्या पोटाचं अस्तर वाढवतात. दाणा मिळत नाही. सोबत आईच्या दुधातूनच आलेले जंत. तीन महिन्यांचं पारडू मग ओळखू येतं: पोट घागरीसारखं, बरगड्या मोजता येतील अशा, अंगावरचे केस राठ आणि तांबूस. लोक म्हणतात, पारडं खातंय, पोट भरलेलं दिसतंय. ते पोट न पचलेल्या पराळाचं असतं.

ते मेलं तर कधीकधी त्याच्या कातड्यात भुसा भरून ते आईसमोर उभं करतात, तिने पान्हा सोडावा म्हणून. ही क्रूर माणसांची गोष्ट नाही. ज्या घरात आठवड्याचं दुधाचं बिल हेच रोख उत्पन्न, तिथे पारड्याच्या पोटात गेलेलं दूध थेट मुलांच्या फीमधून वजा होतं. रोज अडीच लिटर, नव्वद दिवस, म्हणजे सव्वादोनशे लिटर. लिटरला साठ रुपये धरले तर साडेतेरा हजार. त्या घराला ‘पारड्याला दूध पाजा’ असा उपदेश करणाऱ्याने आधी हे साडेतेरा हजार कुठून यायचे ते सांगावं.

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत अजून हौसेने खरवस होतो. चांगल्या दुधाळ जनावराला पहिल्या दोन-तीन दिवसांत वासराच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त चीक येतो, म्हणून खरवसाबद्दल कुणाला अपराधी वाटायचं कारण नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. नवजात पिल्लाच्या रक्तात रोगप्रतिकारक प्रथिनं जवळजवळ नसतात. ती चिकातूनच येतात, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची ताकद पहिल्या दिवसातच ओसरते. जन्मल्यावर तास-दोन तासांत पिल्लाला वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक मिळाला, तर पुढचे महिने सोपे जातात. त्यासाठी कारखाना लागत नाही, संशोधनाचं अनुदान लागत नाही. वेळ पाळावी लागते.

आता पारडीच्या मंद वाढीची किंमत काढून पाहू. कालवड असो की पारडी, माजावर येणं वयापेक्षा वजनावर जास्त अवलंबून असतं. प्रौढ वजनाच्या साधारण साठ टक्क्यांवर ती रेतनायोग्य होते. प्रौढ सुरती म्हैस 400 किलोंच्या आसपास धरली तर हा टप्पा 250 किलोंच्या जवळ येतो. जन्माचं वजन 28 किलो धरलं, तर वाढायचे 222 किलो. पारडी दिवसाला 250 ग्रॅम वाढली तर 888 दिवस लागतात, 400 ग्रॅम वाढली तर 555. फरक 333 दिवसांचा, म्हणजे अकरा महिने. या अकरा महिन्यांत ती रोज पाच किलो कोरडा चारा जरी खात असली, तरी दीड टनाहून जास्त चारा नुसता तिला जिवंत ठेवण्यात जातो. शिवाय अकरा महिन्यांचं दूध गेलं ते वेगळंच. लवकर वाढणारीला चांगला दाणा द्यावा लागतो, त्याचा खर्च आहेच. पण क्लायबरचा तो पहिला वाटा, शरीर नुसतं चालू ठेवण्याचा, अकरा महिने कमी भरावा लागतो. सुरुवातीच्या सव्वादोनशे लिटरांची बचत घराला अशी फार महाग पडते. फक्त ती किंमत तीन वर्षांनी, तुकड्यातुकड्यांनी भरली जात असल्यामुळे कुणाच्या वहीत दिसत नाही.

विकलं जाणारंच मोजलं जातं, याचा दुसऱ्या टोकाचा पुरावा ब्रॉयलर कोंबडीत आहे. ती किलोवर विकली जाते. म्हणून तिच्या आयुष्यातल्या प्रत्येक दिवसाचं वजन आणि खाणं छापील तक्त्यात असतं. पुण्यातून चालणाऱ्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगाने हे शास्त्र महाराष्ट्राच्या खेड्यांत नेलं. आज नाशिक-पुण्याकडचा शेड चालवणारा पोरगा किलोभर वजनामागे किती खाद्य गेलं हे तोंडपाठ सांगतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 1957, 1978 आणि 2005 या काळांतल्या कोंबड्यांचे वाण एकच खाद्य घालून शेजारी शेजारी वाढवले. 56 दिवसांनी त्यांची वजनं भरली 905, 1,808 आणि 4,202 ग्रॅम. खाद्य तेच, घर तेच. मधल्या पिढ्यांमध्ये निवड करत करत माणसाने कोंबडीची भूक आणि वाढ पार बदलून टाकली.

हे यश डोळे झाकून घ्यावं असं मात्र नाही. या कोंबड्यांच्या आईबापांना पोटभर खाऊ दिलं, तर ते इतके लठ्ठ होतात की पैदास बिघडते. म्हणून त्यांना वाढीच्या काळात मोजून, कमी खायला घालतात. भूक वाढवणारी निवड करायची आणि मग त्या भुकेल्या जिवाला उपाशी ठेवायचं, ही त्या उद्योगातली दुखरी बाजू आहे. आणि गाई-म्हशींतही जास्त म्हणजे चांगलं असा नियम नाही. डेन्मार्कच्या सेयर्सन यांनी 1982 मध्ये दाखवलं, की वयात येण्याआधी कालवडी फार वेगाने वाढवल्या तर कासेतल्या दूधग्रंथींची वाढ खुंटते. मोजायचं ते योग्य वेग सापडावा म्हणून. अर्धपोटी पारडी आणि लठ्ठ पारडी या दोन टोकांमधली जागा फितीशिवाय दिसत नाही.

पाश्चात्त्य मापदंडाने पाहिलं तर कोंबडी दीड ते पावणेदोन किलो खाद्यात किलोभर वाढते आणि रवंथ करणारं जनावर त्याच्या कित्येक पट खातं. यावरून म्हशी-गाई ही चैन आहे असा निष्कर्ष काढणारे लेख हल्ली सर्रास दिसतात. ते एक गोष्ट नजरेआड करतात: कोण काय खातं. कोंबडी मका आणि सोयाबीन खाते. पादऱ्याची म्हैस पराळ, कडबा, तुरीचा भुसा, सरकीची पेंड आणि बांधावरचं गवत खाते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अॅन मोटे आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये हिशेब मांडला, की जगातल्या पाळीव जनावरांच्या खाण्यातला 86 टक्के कोरडा भाग माणूस खाऊच शकत नाही. आपल्या छोट्या गोठ्यांत हा वाटा याहूनही मोठा असणार. त्यामुळे इथल्या पारडीची वाढ सुधारणं म्हणजे माणसाच्या ताटातलं धान्य तिला देणं असा अर्थ होत नाही. थोडा दाणा सुरुवातीच्या महिन्यांत, आणि मग आयुष्यभर पराळाचं दूध.

महाराष्ट्रात हे पिल्लापर्यंत नेलेलं काम फलटणला सापडतं. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीतलं जुळी देणारं जनुक दख्खनी मेंढ्यांत आणलं. जुळी झाली म्हणून काम संपलं असतं तर धनगरांना काहीच मिळालं नसतं. दोन कोकरांना एका मेंढीचं दूध पुरेल का, रानोमाळ फिरणाऱ्या कळपात ती तगतील का, हा खरा प्रश्न होता. संस्थेने धनगरांच्याच कळपांत जाऊन कोकरांच्या नोंदी ठेवल्या, वजनं केली, मेंढ्यांच्या पोषणाकडे लक्ष दिलं. संस्थेच्या आवारातला आकडा आणि माळावरचा आकडा यांत फरक असतो, हे मान्य करून माळावरच्याला किंमत देणं, ही शिस्त दुर्मीळ आहे. दुधाच्या पट्ट्यात फलटणपेक्षा कितीतरी जास्त पैसा आणि मनुष्यबळ आहे.

नर पारड्याचं काय, हा प्रश्न इथे येतोच. महाराष्ट्राने 2015 मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी घातली, गुजरातने 2017 मध्ये गोवंशाच्या कायद्यातली शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. ही बंदी म्हशींना लागू नाही, तरीही रेडकू वाढवण्यात लहान शेतकऱ्याला फायदा दिसत नाही, आणि गोठ्यात सगळ्यात आधी त्याचंच दूध तुटतं. केंद्र सरकारने रेडकं वाढवण्याची योजनाही काढून पाहिली. आता वाट आहे ती लिंगनिश्चित रेतमात्रांची. त्यांतून बहुतेक मादी पिल्लंच जन्मतात. यासाठीचं देशी तंत्र ‘गौसॉर्ट’ 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. रेतमात्रा स्वस्त झाल्या तर गोठ्यात मादी पिल्लं वाढतील. पण आजच्या पद्धतीने ती वाढवली तर तांबूस केसांच्या, घागरपोटी पारड्यांचीच संख्या वाढेल. जनुकांवर कोट्यवधी खर्च करून जन्मलेली पारडी पहिल्या तीन महिन्यांत पराळावर सोडायची, यासारखी उधळपट्टी नाही.

म्हणून मागणी अगदी नेमकी आहे. संघाने फॅटला जसा भाव दिला, तसा वाढीलाही द्यावा. मादी पारडू जन्मल्याची नोंद कानातल्या बिल्ल्यासह झाली, की तीन, सहा, बारा आणि अठरा महिन्यांना गावातलीच कार्यकर्ती फितीने त्याचा घेर मोजेल. ठरलेल्या टप्प्यावर ठरलेलं वजन गाठलं, तर आईच्या दुधाच्या बिलात ठरावीक रक्कम जमा होईल. सुरुवातीचे दोन हप्ते मोठे असावेत, कारण दूध त्याच काळात तुटतं. जंताचं औषध आणि पिल्लांच्या दाण्याचं पहिलं पोतं संघाकडून मिळावं. पैसे बाईच्या खात्यात जावेत. दाणा तीच घालते, धार तीच काढते आणि पारड्याला ओढून बांधायचा निर्णय रोज तिलाच घ्यावा लागतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो खोट्या नोंदींचा. फीत सैल धरली तर पारडू कागदावर जाड होतं. पण फॅटच्या यंत्रालाही सुरुवातीला लोकांनी फसवून पाहिलंच होतं. दर वीस पिल्लांमागे एकाचं वजन प्रत्यक्ष काट्यावर केलं, तर घोळ उघडा पडतो. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर उत्तर असं, की गाभण राहायला अकरा महिने उशीर झालेली प्रत्येक पारडी संघाचंही तेवढ्या महिन्यांचं दूध बुडवते. वडोदरा आणि आणंद या दोन्ही संघांनी मिळून शंभर गावं निवडली, त्यांतल्या निम्म्या गावांत पैसे द्यायचे आणि निम्म्या गावांत फक्त वजन करायचं असं ठरवलं, तर चार वर्षांत पहिल्या वेतापर्यंतचा निकाल हाती येईल. आणंद कृषी विद्यापीठात हे पृथक्करण करणारी माणसं आहेत, डेअरी मंडळाकडे संगणकप्रणाली आहे, मंडळीपाशी बिल चुकतं करायची सोय आहे. पैसे न देता नुसतं वजन केलेल्या गावांतही पारडी जास्त वाढली, असं निघालं तर तेही मोलाचं ठरेल. मग संघाला हप्त्यांऐवजी फितींवरच खर्च करता येईल.